डब्यामा काय शे?

डबा वाजलाच नाही.

कोकिळाने तो कानाशी धरून पुन्हा हलवला. ओट्यावर गुलाबाईच्या मातीच्या मूर्तीपुढे बसलेल्या पोरींनी टिपऱ्या खाली ठेवल्या. एकोणसाठ सालचा भाद्रपद संपत आला होता. पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी सारंगखेड्यात हा खेळ चाले. गाणी झाली की एकेका घरचा खाऊ बंद डब्यात येई. डबा हलवायचा आणि आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं. कोकिळा कधी चुकली नव्हती. शेव कुजबुजते, बत्तासे अंग चोरून बसतात, खोबरं ठक्कन आपटतं... आणि हा डबा? मुका!

"हारनी! कोकिळाबाई हारनी!" शेजारच्या भिंतीपलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"कोन शे रे तठे?"

डबा घेऊन आलेल्या वत्सलाबाईंना हसू आवरेना. "मन्हा भाचा, रतिलाल. खापरथून येल शे. तुम्हनाच विहिरीवर इंजन बसाडाले. आज डबा त्यानीच भरा."

भिंतीवर आधी कुरळे केस दिसले, मग दोन मिस्कील डोळे. कोकिळाने त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि डबा हलवायचा सोडून अगदी हळू तिरपा केला. आत कुठेतरी, नखाने पत्र्याला टिचकी मारावी तसं... टिक.

"कापूस भरेल शे," ती म्हणाली. "सरकी न काढता. आन् कापसामा... गुळाचा खडा."

झाकण उघडलं. पोरींनी गुळावर झडप घातली.

 भिंतीवरून पडेल आवाज आला — "सरकी काढाले पाहिजे व्हती..."

"सकाय काढजो!" कोकिळा म्हणाली, आणि पदराआड हसली.

मग वत्सलाबाईंच्या घरचा डबा ही गल्लीतली रोजची गंमत झाली. एका संध्याकाळी त्यात फडक्यात बांधलेलं पिकलं केळं आलं. एकदा भिजवलेले हरभरे आले. एकदा डब्यात डबा, त्यात आणखी डबा आणि शेवटी एकच पेढा. कोकिळाने सगळं ओळखलं. रतिलाल आता भिंतीआड लपतही नव्हता. हनुवटी भिंतीवर टेकून तो खेळ बघायचा, आणि डबा कानाशी नेताना कोकिळाचे डोळे मिटत ते तेवढ्या वेळापुरतेच.

एका दुपारी वडिलांची भाकर घेऊन ती विहिरीवर गेली. वडील केळीच्या बागेत आत कुठेतरी पाणी वळवत होते. इंजिन धडधडत होतं आणि शेजारी काळ्या हातांचा रतिलाल उकिडवा बसला होता.

"ये, ये. याले बी कान लाव," तो म्हणाला. "यामा काय शे, वळख."

कोकिळाने खरंच मान तिरपी केली. धड, धड, मग अडखळून पुन्हा धड.

"यामा तुम्हनं ध्यान नही," ती म्हणाली. "इतलंच वळखू येस."

रतिलाल कानापर्यंत लाल झाला. "खरं शे," तो हळूच म्हणाला. "ध्यान तुम्हना ओटावर ऱ्हास."

तिने भाकरीचं गाठोडं ठेवलं, पण पाय निघेना. पाटातलं पाणी केळीच्या मुळांशी चुळचुळत होतं. "खापरले गुलाबाई बसस का?" तिने उगाच विचारलं.

"मन्ही माय अजून बसाडस. डबा भराले तिनीच शिकाडं माले." जरा थांबून तो म्हणाला, "तिले सून पाहिजे... डबा वळखनारी."

 परत जाताना कोकिळाने बांधावर दोनदा मागे वळून पाहिलं, आणि दोन्ही वेळा तो बघतच होता.

वत्सलाबाईंनी लग्नाची गोष्ट काढली ती पार्वतीबाईंपाशी, कोकिळाच्या आईपाशी. पार्वतीबाईंनी तोडूनच टाकलं.

"तापीना घरमा? नही व माय. खडा भरनारीले मी पोर देवाव नही."

रतिलालची आई तापीबाई आणि पार्वतीबाई, दोघी प्रकाशा गावच्या. एका ताटात जेवणाऱ्या मैत्रिणी. तेव्हा पार्वती कधी हरत नसे. लग्नाआधीच्या शेवटच्या गुलाबाईला तापीने डबा आणला. पार्वतीने हलवला आणि ठासून सांगितलं, खडीसाखर. निघाले नदीतले पांढरे खडे! अख्खा ओटा हसला. "खाऊ म्हंजे खाऊ," पार्वती म्हणाली. "डबा थोडाच इचारस?" तापी म्हणाली. त्या दिवसापासून बोलणं बंद. दोघी एकमेकींच्या लग्नालाही गेल्या नाहीत.

"कोजागिरी व्हई जाऊ दे," पार्वतीबाईंनी मुलीला बजावलं. "शिरपूरना पाव्हना येतीन तुले देखाले. आते भिंतीकडे देखानं नही."

कोकिळाने देखलं नाही. पण डबा येई तेव्हा तो कुणाच्या हातून भरला आहे, हे न हलवताही तिला कळे.

कोजागिरीला चांदणं पडलं. ओट्याच्या कडेला पार्वतीबाई दूध आटवत बसल्या होत्या. विहिरीवरचं इंजिन सुरळीत चालू झालं होतं, आणि रतिलाल सकाळी खापरला निघणार होता. गाणी संपली. एकेक डबा ओळखून झाला. शेवटी वत्सलाबाईंचा आला.

कोकिळाने तो उचलला मात्र, आणि ओट्यावर सर आल्यासारखी तडतड झाली. फुटाणे! पाच वर्षांची पोरगीही ओळखील असा डबा. तिने भिंतीकडे पाहिलं. रतिलाल आज हसत नव्हता. शेवटच्या दिवशी तिने हरू नये, म्हणून त्याने सगळ्यात सोपा खाऊ भरला होता.

जो हरेल त्याने तो डबा आपल्या घरून भरून स्वतः त्या घरी पोचवायचा, असा खेळाचा नियम होता.

कोकिळाने डबा कानाशी धरला. डोळे मिटले. पुन्हा एकदा खडखडून हलवला.

"शिरा," ती म्हणाली.

पोरी खो खो हसल्या.  दुधातला डाव थांबला.

"काय सांगं?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"शिरा..." कोकिळाची मान खाली नव्हती. "मी हारनू, माय."

पार्वतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. हरणं काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. त्या ते उभ्या जन्मात विसरल्या नव्हत्या. आणि ही पोर ते आपल्या हाताने मागून घेत होती... त्या उठल्या, घरात गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा हातात जुन्या फडक्याची पुरचुंडी होती. त्यांनी फुटाणे पोरींच्या ओंजळीत ओतले आणि पुरचुंडी सोडली. चांदण्यात पांढरे खडे डब्यात पडले.

"अजून ठेवेल शेतस?" वत्सलाबाईंचा आ वासला.

"मंग काय फेकी देऊ? मन्ही मैत्रिननं एवढंच ऱ्हायनं व्हतं मन्हाजोडे." पार्वतीबाईंनी झाकण दाबून बसवलं आणि डबा लेकीच्या हातात दिला. "जाय. नेम तो नेम."

कोकिळा भिंतीपाशी गेली. डबा घेताना रतिलालची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली.

"फुटाना व्हतात ते," तो कुजबुजला.

"माले ऐकू येस," ती म्हणाली.

"ए पोऱ्या!" ओट्यावरून पार्वतीबाईंनी हाक मारली. "तुन्ही मायले दे तो. पारबतीनी धाडेल शे म्हना. उघडानं नही, हालाईसन वळख म्हना."

"आन् वळखनं तं, मावशी?"

"तं म्हना, पोर मांगाले ये. डबा लिसन ये." पार्वतीबाई पुन्हा दुधापाशी बसल्या आणि डाव हातात घेतला. "आन् यंदा काही खावासारखं भर म्हना!"

सकाळी रतिलाल गल्लीतून निघाला, तेव्हा कोकिळा ओटा सारवत होती. तिने मान वर केली नाही. त्याच्या पिशवीत डबा पावलागणिक खळखळत होता. आत काय आहे ते तिला पुरतं ठाऊक होतं, तरी हातातलं शेण तसंच ठेवून, तो आवाज वळणाआड जाईपर्यंत ती कान देऊन ऐकत राहिली.