शून्य नंबरचा पट्टा

मी मानसशास्त्राची संशोधक. आकड्यात बसत नाही ते मी मानत नाही, आणि त्यावरून घरीदारी माझी भरपूर थट्टा होते. चाळीस घरांतल्या आयांची झोप आणि त्यांच्या तान्ह्या बाळांची वाढ यांचा संबंध शोधायचं काम माझ्याकडे होतं. आईच्या मनगटाला एक पट्टा, बाळाच्या पायाला एक. त्यात रात्रभरची हालचाल नोंदली जाते. शिवाय आईने रोज सकाळी झोपेविषयी वहीत लिहायचं. दुसऱ्याला बांधायचं ते आधी आपल्याला, ही माझी शिस्त, म्हणून एक पट्टा माझ्याही उजव्या मनगटावर.

सतरा नंबरच्या घरातल्या आईने पहिल्या भेटीत मला चहा केला, त्यात साखरेऐवजी बाळाची दुधाची पावडर घातली आणि नुसती ढवळत राहिली. नवरा कायम रात्रपाळीला, मदतीला कोणी नाही. निघताना दाराशी म्हणाली, "ताई, परवा बाळाला खाली ठेवलं आणि कुठे ठेवलं तेच आठवेना."

घरी माझीही सात महिन्यांची ठकी आहे. या बाईला झोप मिळवून द्यायचीच, मग काहीही होवो, असं मी ठरवून टाकलं. डॉक्टरांच्या मागे लागले, पण तारीख मिळाली ती महिन्यानंतरची.

पुढच्या आठवड्यात गेले तर बाई टवटवीत. वहीत सातही दिवस एकच वाक्य: झोप छान, बाळ उठलं नाही.

बाळ उठत होतं. ऑफिसात मी आलेख उघडला. रोज सव्वादोनला बाळाच्या पायाची चाळवाचाळव, मग चाळीस मिनिटं बारीक हादरे. तीन थापट्या, थांबा, दोन थापट्या, थांबा. आईचा हात मात्र जागचा हललेला नव्हता. कोणीतरी घरात शिरतंय, या भीतीने मी तिच्या नवऱ्याला फोन केला. त्याने कुलूप बदललं, दोन रात्री रजा काढून पाळण्यापाशी जागत बसला. कोणी आलं नाही. आलेखात त्या दोन रात्रीही थापट्या होत्या.

आमच्या आकडेवाल्या सहकाऱ्याने सगळे पट्टे एकमेकांशी ताडून पाहिले. एकच हात जुळला, मिनिटाला मिनिट.

"हा शून्य नंबर कोण?"

मी बाही खाली ओढली. माझा पट्टा यादीतून काढायला मी विसरले होते. आणि खरं सांगायचं तर ती तीन-दोनची तऱ्हा मी आधीच ओळखली होती. ठकीला मी तशीच थोपटते.

घरी नवऱ्याला विचारलं, मी रात्री उठते का. तो हसला.

"ढोल वाजवले तरी उठत नाहीस. हात उशीखाली घालून ढाराढूर."

मी पट्टा काढून कपाटात टाकला. तीन दिवसांनी सतरा नंबरमधून फोन आला. पलीकडे बाळ आणि आई दोघंही रडत होती. तीन रात्री दोघांचाही डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला माझीच चीड आली. मी पट्टा परत बांधला. पटो न पटो, डॉक्टरांची तारीख येईपर्यंत तो काढायचा नाही.

मग एक गोष्ट मनात घर करून बसली. ठकीही हल्ली रात्री उठत नव्हती. मी तिच्या पायाला पट्टा बांधला.

आज आलेख उघडला.

सव्वादोन. चाळीस मिनिटं. चार थापट्या, मग लांब थांबा.

ही तऱ्हा माझी नाही. नवरा तर थोपटतच नाही, गुणगुणतो. चाळीस आयांचे हात ताडून पाहिले. एकही जुळला नाही.

शेवटी रोज एक हलका झटका आहे. पाय उचलून परत ठेवल्यासारखा.

ठकी झोपताना दुलई लाथाडते. सकाळी मात्र ती पायांखाली नीट खोचलेली असते. मला वाटायचं, नवरा खोचतो.

त्याला वाटत होतं, मी.