पहिल्या हाकेची ओ

शुगर लँड या अमेरिकन गावातला जुना साखर कारखाना बंद पडला, त्या २००३ सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सरलाकाकू मॉरिशसहून मुलाकडे, अनीशकडे राहायला आल्या होत्या. तिन्हीसांजेला त्या शेजारच्या शैलजाचा डबा परत द्यायला निघाल्या. हवा दमट, चिकट. घरांच्या मागे ओढा, आणि ओढ्यापलीकडे एके काळच्या उसाच्या शेतांवर माजलेलं रान.

"सरलाकाकू!" शैलजाने परसातून हाक मारली.

"ओ!" हाक संपायच्या आत काकूंची ओ गेलीसुद्धा.

शैलजा हसली. "काय हो काकू, मिलिटरीत होतात का? आमच्या गुहागरला या वेळेला तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत. पहिली कुणाची असेल, काय सांगावं!"

"आमचेही कोकणातलेच गं. पण बेटावर ते सगळं सुटलं." काकू पायरीवर टेकल्या. "राज्य इंग्रजांचं, मळे फ्रेंचांचे. जिकडे बघावं तिकडे ऊस. खायचा तांदूळसुद्धा जहाजाने यायचा. पहाटे मुकादम एकदाच नाव पुकारायचा. ओ आली नाही, की एका खाड्याला दोन दिवसांची मजुरी कापायचे. मग पोरं 'आई' म्हणायच्या आधी 'ओ' म्हणायला शिकायची. मीही अनीशला तेच वळण लावलं."

"मुकादम गोरा असायचा?"

"छे! आपल्यातलाच. म्हणून तर लोक फसले." काकूंनी डबा बाजूला ठेवला. "माझे पणजोबा, त्र्यंबक... साधे मजूर बिचारे. मार खाऊन गेले. गणपतीत पहिला नैवेद्य अजून त्यांच्या नावाने असतो."

त्या परत निघाल्या तेव्हा उजेड पार विझला होता. ओढ्याकडून उसाचा रस करपल्यासारखा वास आला. रातकिडे एकाएकी गप्प झाले.

"सरला..."

ओठांवर आलेली ओ काकूंनी दातांखाली दाबली.

"सरला..." मायाळू आवाज. हुबेहूब त्यांच्या वडिलांचा.

त्या जागच्या जागी थांबल्या, तिसऱ्या हाकेची वाट पाहत. ती आलीच नाही. रानातून कुणी शांतपणे म्हणालं, "त्र्यंबक मुकादमाची पणती ना तू? मग ओ दे, बाय. आपल्या घरात हाक वाया जात नाही."

मुकादम...

म्हणजे आजोबांना ठाऊक होतं. वडिलांनाही. आणि तरी लहानपणापासून त्यांना त्या मुकादमापुढे हात जोडायला लावले होते. ज्यांनी मार खाल्ला, त्यांची नावं घरात कुणी कधी घेतलीच नव्हती.

"अनीश..."

हाक आता घराच्या दिशेने गेली.

"नको रे!" काकू धावत सुटल्या. पण घरातून तत्पर, आज्ञाधारक उत्तर आलंच.

"ओ!"

त्यांनी मागचं दार ढकललं. अनीश ऑफिसच्या शर्टात, लॅपटॉपसमोर बसला होता.

"का ओ दिलीस... का?"

"रिलॅक्स, आई! तूच तर हाक मारलीस ना? तुझाच आवाज होता."

"मी... नाही मारली."

"ओके, ओके. दुपारपासून कॉलवर आहे, खुर्चीतून उठलोही नाही. भास झाला असेल." तो हसला आणि शर्टाच्या बाह्या वर सारू लागला. मध्येच थांबला.

मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर बारीक, लांब चिरा होत्या, उसाच्या पात्याने कापतात तशा. ओल्या.