हिमनदीवरचा निळा पत्रा

नायलमामाचं विमान खरंच सापडलं असेल, तर ते एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढ्यासाठीच ती तिघं मॅकिनरीच्या खोऱ्यात शिरली होती. हिमनदीच्या कडेला काहीतरी निळं चमकत असल्याचं एका शिकाऱ्याने सांगितलं होतं. साठ वर्षांपूर्वी नायल आपलं छोटं निळं विमान घेऊन पश्चिम किनाऱ्याकडे निघाला, तो पोचलाच नाही. त्याचा धाकटा भाऊ डुगल तेव्हा शाळेत होता. आता डुगलमामांनी सत्तरी ओलांडली होती आणि गुडघे साफ गेले होते. पण शिकाऱ्याची गोष्ट कानावर आल्यापासून त्यांना चैन पडेना. शेवटी त्यांचा भाचा कॅलम आणि त्याची बायको मेरेआना त्यांना घेऊन निघाली.

मामांचं ओझंही या दोघांच्याच पाठीवर होतं. म्हणून लांब पल्ल्याची दुर्बीण तेवढी घेतली आणि तिचा जड ट्रायपॉड घरी ठेवला. चालायच्या तीन काठ्या बांधल्या की झकास तिकाटणं होतं, असं कॅलमचं म्हणणं. पण खोऱ्यातली मोठी नदी ओलांडताना मेरेआनाची एक काठी दगडांत अडकून मोडली आणि तीही तिच्यामागोमाग वाहून जायची. कॅलमने तिच्या पिशवीचा पट्टा धरला म्हणून वाचली. आता तिची एक आणि कॅलमच्या दोन, अशा बरोबर तीन काठ्या उरल्या. मामा टेकत होते ती झाडाची फांदी आखूड आणि वाकडी, तिचा काही उपयोग नव्हता.

हिमनदीसमोरच्या डोंगरधारेवर पोचल्यावर कॅलमने काठ्यांच्या मुठी एकत्र घेऊन दोरीने आवळल्या, खालची टोकं फाकवून गवतात रोवली आणि वरच्या बेचक्यात लोकरी टोपी घालून तिच्यावर दुर्बीण बसवली. एक किआ पोपट उड्या मारत आला आणि दोरीची गाठ कुरतडू लागला. मामांनी त्याला हाकललं आणि दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ ते हलले नाहीत. मग बाजूला सरकले आणि पाठ करून उभे राहिले.

मेरेआनाने पाहिलं. काळ्या दगडगोट्यांत, बर्फाच्या उंच कड्याखाली, पंखासारखा एक पत्रा अर्धा वर आला होता. निळाच होता!

कॅलमने लगेच निघायचं ठरवलं. वायव्येकडून ढग चढत होते, म्हणजे उद्या इथे काही दिसणार नव्हतं. पण दरीच्या पलीकडे वाट अशी नव्हतीच. इथून दुर्बिणीत बघून मेरेआनाने खुणा करायच्या, असं ठरलं. नारिंगी जॅकेट डावीकडे धरलं तर डावीकडे, उजवीकडे धरलं तर उजवीकडे, डोक्यावर फिरवलं तर मुकाट्याने परत.

"आणि काठ्या?" मेरेआनाने विचारलं.

"काठ्या मी नेल्या तर तू बघणार कशाने?"

तो बर्फात रोवायची कुऱ्हाड आणि गळ्यातली छोटी दुर्बीण घेऊन उतरला.

दुर्बिणीत तो मुंगीएवढा दिसत होता. तो थांबे, छोटी दुर्बीण डोळ्यांना लावून तिच्याकडे बघे, ती जॅकेट धरे, तो पुढे सरके. नवरा दरीपल्याड, मध्ये एवढी पोकळी, हाक ऐकू जायची सोय नाही! एकदा त्याच्या पायाखालची खडी सुटली. तो गुडघ्यावर आला, कुऱ्हाड रुतवून सावरला. तिला वाटलं, हातात काठी असती तर घसरलाच नसता.

तेवढ्यात वारा सुटला. तिकाटणं थरथरलं आणि कॅलम नजरेतून निसटला! मामा खाली बसले, दोन काठ्या दोन हातांनी घट्ट धरल्या आणि तिसरीवर खांदा टेकवला. चित्र स्थिर झालं. तिने कॅलमला शोधलं. तो पत्र्यापासून हाकेच्या अंतरावर पोचला होता. मग तिने दुर्बीण जरा वर उचलली.

कड्याच्या माथ्यामागे बर्फात एक लांब भेग पडली होती. तिच्यातून पाणी झिरपत होतं. खालून कॅलमला ती दिसणं शक्यच नव्हतं.

"मामा, वरचा बर्फ सुटलाय," ती म्हणाली. "पण कॅलम पत्र्याच्या अगदी जवळ पोचलाय. तुम्ही सांगा."

मामांनी दुर्बिणीत बघायलाही मागितलं नाही. काठ्या सोडल्या असत्या तर कॅलम पुन्हा दिसेनासा झाला असता.

"बोलाव त्याला."

तिने जॅकेट डोक्यावर गरगर फिरवलं. कॅलम थांबला. पत्र्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. एक पाऊल पुढे टाकलं. ती वेड्यासारखी जॅकेट फिरवत राहिली. अखेर तो वळला!

आल्या वाटेवर खडी अजून घसरत होती. मेरेआनाने दुर्बिणीने सगळा उतार चाळला. डावीकडे पिवळ्या गवताचा एक चिंचोळा पट्टा दरीतल्या ओढ्यापर्यंत गेला होता. तिने त्या बाजूला जॅकेट धरलं. तो पट्ट्याला लागला आणि लगेचच ढगाने पलीकडची बाजू पुसून टाकली. दुर्बिणीत आता नुसतं पांढरं.

आणि मग तो आवाज आला. आधी तडा गेल्यासारखा, मग लांबलचक घरंगळणारा. पायाखालची जमीन हादरली.

पावसाचे थेंब पडू लागले. मेरेआनाने दोरी सोडली, काठ्या काढल्या. मामांना एकटं सोडायचं तिच्या जिवावर आलं. पण त्यांनीच तिला हाताने ढकललं. ती धावत, घसरत ओढ्याशी पोचली. पाणी गढूळ झालं होतं, चढत होतं. तिने हाका मारल्या. उत्तर नाही. पुन्हा मारल्या.

धुक्यातून एक आकृती लंगडत पुढे आली.

तिने पहिली काठी भाल्यासारखी फेकली. पाण्यात गेली! दुसरी पलीकडच्या गोट्यांवर जाऊन आपटली. कॅलमने ती उचलली आणि पाण्यात शिरला. तिसरी काठी रोवून मेरेआना मांडीभर पाण्यात उतरली आणि हात लांब केला. मध्यावर त्याचा पाय उचलला गेला. तो वाकला, काठी कमानीसारखी वळली, पण टिकली. त्याची बोटं तिच्या मनगटाला लागली. तिने ओढलं! दोघं काठावर आडवी झाली आणि पावसात तशीच धापा टाकत पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी पाऊस जराही थांबला नाही. तिघं खोऱ्यातल्या एका पत्र्याच्या खोपटात चुलीपुढे बसली होती. कॅलमचा घोटा सुजून टम्म झाला होता. निळा पत्रा अजून तिथे आहे की बर्फाखाली गेला, कुणालाच माहीत नव्हतं.

"अगदी थोडक्यात राहिलं, मामा," तो म्हणाला. "मला हात लावता आला असता."

मामांनी चहाचा मग खाली ठेवला.

"नायल तिथे आहे, याची मला सवय झालीय रे. तुझी तशी सवय करून घ्यायला माझ्याजवळ वर्षं उरलेली नाहीत."

त्यांनी चुलीत एक लाकूड सरकवलं. मग त्यांनी विचारलं, "रंग उडाला असेल ना?"

"उन्हाच्या बाजूचा उडालाय," कॅलम म्हणाला. "सावलीच्या बाजूला अगदी तस्साच आहे. गडद निळा."

मामांनी मान हलवली, खाली ठेवलेला मग उचलला आणि गार झालेल्या चहावर उगीचच फुंकर घालत राहिले.