जान्याचा उजवा खांदा

जान्या आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आला तो स्वतःसाठी नाही. सत्त्याऐंशी सालचा डिसेंबर, शुक्रवारची दुपार. शुक्रवारी गल्लीतले कापड विणायचे लूम बंद असत, तेव्हा कुठे भिवंडीत माणसाचं बोलणं नीट ऐकू येई. मी डॉक्टरांच्या हाताखाली नर्स होते. दारात एक उंच, सावळा तरुण उभा राहिला. त्यानं कोंडू नावाच्या मित्राला धरून आणलं होतं. कोंडूची भुवई फुटली होती आणि दोघंही हसत होते. बॉल यानंच मारला होता म्हणे.

डॉक्टरांनी कोंडूला चार टाके घातले. तो तरुण मात्र रेंगाळला. खिशातून त्यानं एक पांढरा, जड बॉल काढला. लाल शिवण एका बाजूनं उसवलेली.

"सिस्टर, याला पन टाके पडतील का?"

"इथं माणसांना टाके घालतात."

"आमच्याकडं ह्यो येकच हाय," तो म्हणाला. इतक्या गंभीरपणे, की मी हसू दाबलं आणि बॉल ठेवून घेतला. घरी जाड सुईनं शिवला... का, ते मला विचारू नका.

जान्या अंजूरकडच्या आदिवासी पाड्यावरचा. राहनाळच्या गोदामात माल चढवायचा. केसरीनाथ सर नावाचे एक शिक्षक तेव्हा गावात बेसबॉलची टीम उभी करत होते. कापडाचे गठ्ठे तो खालून नेमके ट्रकवर फेकतो हे पाहून त्यांनी त्याला पिचर केलं. पिचर म्हणजे काय, हे त्यानं मला कापसाची गुंडाळी फेकून दाखवलं — धावायचं नाही, मातीच्या उंचवट्यावर उभं राहायचं आणि बॅटवाल्याला चकवायचं. गुंडाळी थेट डॉक्टरांच्या टेबलावर पडली.

मग दर आठवड्याला बॉल उसवू लागला. एकदा टाका पाहिला तर ब्लेडनं कापल्यासारखा सरळ. मी जरा घट्ट शिवला इतकंच. बॉल परत घेताना त्याचे कान लाल झाले.

पुढच्या हिवाळ्यात ठाण्याच्या एका कारखान्यानं बेसबॉलची टीम काढायचं ठरवलं. निवड झाली तर पक्की नोकरी, आणि काम म्हणजे खेळायचं. जान्या रात्रंदिवस तेच बोलायचा. आणि नेमका त्याच महिन्यात त्याचा उजवा खांदा दुखू लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तीन महिने काही फेकायचं नाही. निवड आठ दिवसांवर होती.

आदल्या दिवशी तो डॉक्टर नसताना आला. दुखणं मारायचं इंजेक्शन द्या म्हणाला. मी त्याला हात वर करायला सांगितलं. हात कानापर्यंतही गेला नाही.

"मी देणार नाही," मी म्हणाले. "उद्या फेकाल. परवा काय?"

"परवा गोदाम हायच की." तो निघून गेला. मी काउंटर पुसत राहिले, तोच तोच भाग पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, निवड चालू असण्याच्या वेळी, तो दवाखान्यात येऊन बाकावर बसला. दुसऱ्या डॉक्टरकडे गेला होता. त्यानं खांद्याकडे न बघताच सुई भरली, तेव्हा हा उठून आला होता.

"तुमी निदान खांदा बघितला तरी," तो म्हणाला.

त्या वर्षी मला नीट झोप लागली नाही. पुन्हा निवड होईल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी अडवलं नसतं तर... हे मनातून जाईना. तो मात्र रोज यायचा. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम मी त्याच्याकडून करून घ्यायचे, हात मोजत वर, मोजत खाली. पंधरापर्यंत मोजताना आमची नजर जुळायची आणि मी आकडा चुकायचे. तो मुद्दाम दुरुस्त करायचा नाही.

नव्वदच्या जानेवारीत पुन्हा निवड झाली. वेग थोडा गेला होता, पण बॉल हवा तिथे पडत होता. त्यांनी त्याला घेतलं. पत्र घेऊन तो सरळ माझ्याकडे आला.

"त्या वर्षी मी अडवलं, आणि पुन्हा निवडच झाली नसती तर?" मी विचारलं.

"तर गोदामातून सुटून रोज हितंच आलो असतो." तो थांबला. "चंपा... मना तू पायजेस. टीमचं नंतर."

पहिल्यांदाच त्यानं माझं नाव घेतलं होतं. मी म्हणाले, घरी ये.

आम्ही बौद्ध, तो आदिवासी. आई, शांताबाई, महिनाभर बोलली नाही. वडिलांनी त्याला एवढंच विचारलं, मुलीला विचारलंय का? तो म्हणाला, तिनंच धाडलंय. मग एका रविवारी वडील आईला सामन्याला घेऊन गेले. तिला खेळातलं काही कळलं नाही. त्याला एकट्यालाच उन्हात मधोमध का उभं केलंय, असं ती तीनदा म्हणाली. पुढच्या रविवारी तिनं त्याच्यासाठी ताक भरून दिलं. मे महिन्यात आमचं लग्न झालं.

काल्हेरला नव्या बिल्डिंगीत आम्ही खोली घेतली. तो आठ वर्षं ठाण्याच्या टीमसाठी खेळला, तीनदा राज्याकडून. जिंकला, हरला, एकदा पेपरात फोटो आला, तोही पाठमोरा.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत भिवंडीतच सामना होता. मी कडेला बसले होते. पाचव्या डावात त्यानं खांदा एकदा फिरवला, हसला, आणि कुणी सांगायच्या आधीच बॉल दुसऱ्या पिचरच्या हातात दिला. मैदान ओलांडून तो माझ्याकडे आला. मी डबा उचलून जागा केली. तो शेजारी बसला, घामानं भिजलेला.

इतक्या वर्षांत आम्ही एकाही सामन्याला शेजारी बसलो नव्हतो.

"इथून लय सोपं दिसतं गं," तो म्हणाला, आणि आम्ही उरलेला खेळ पाहू लागलो.