बंद राउटरचा निरोप

दुपारचे अडीच वाजले होते. दादाच्या डोक्याचा स्कॅन शहराच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या सर्जनबाईंकडे जात नव्हता, आणि तो पाहून त्यांनी सांगितल्याशिवाय इथले डॉक्टर ऑपरेशनला हात घालणार नव्हते. इस्पितळाचं नेटवर्क मीच सांभाळते. म्हणजे भावाचा जीव अडकला तो माझ्याच तारांत!

"काय गं तारवाली, माझं डोकं मावत नाही म्हणे तुझ्या वायरीत?" दादाने वॉर्डातून फोन केला.

"गप्प पड रे." मी फोन ठेवला आणि स्क्रीनकडे वळले.

छोट्या चिठ्ठ्या जात होत्या, मोठी चित्रं नाहीत. म्हणजे वाटेतला एखादा राउटर 'माहितीचं पॅकेट मोठं आहे, लहान करा' असं उलट कळवत असणार, आणि ते आमच्या मशीनला ऐकूच येत नसणार. कसं येईल? सुरक्षिततेच्या नावाखाली असे सगळे एरर मेसेज मीच अडवून ठेवले होते. अतिशहाणपणा नडला, दुसरं काय! अडवणूक काढली. लगेच मेसेज आला, पॅकेटं लहान झाली, स्कॅन पोचला. सव्वातीनला दादाला आत घेतलं. "सुटलो गं बाई," म्हणून वहिनी फोनवर रडली. मीही रडून घेतलं.

मग सहज, तो मेसेज पाठवणाऱ्या राउटरचा नेटवर्कवरचा पत्ता पाहिला.

तो राउटर मी गेल्या वर्षीच काढून टाकला होता. पत्ता नंतर कुणालाच दिलेला नव्हता. राउटर माझ्याच टेबलाखाली पडला होता. वाकून पाहिलं. वायर नाही, दिवा नाही. हात लावला, थंडगार.

पण मेसेज येतच होते. स्कॅन जाऊन पाऊण तास उलटला, आता हा कशाबद्दल ओरडतोय? अशा मेसेजला अडलेल्या पॅकेटचा सुरुवातीचा तुकडा जोडलेला असतो. तो उघडला.

दादाचा पेशंट नंबर.

पाठवणारं मशीन, शवागार.

वेळ, चार चाळीस.

घड्याळात तीन पन्नास झाले होते. अगं आई गं! कसाबसा शवागाराला फोन लावला, नंबर वाचून दाखवला आणि याचं काही पाठवलंत का, एवढंच विचारलं.

"नाही मॅडम, अजून काहीच नाही," तिथला माणूस शांतपणे म्हणाला. "तुमचे दादा आलेले नाहीत. कप्पा मात्र सकाळीच पुसून ठेवलाय."