जाणाऱ्याला शेवया

वूवेईत खोटं बोलला. झांग्येत तेच खोटं, वर हातवारे करून. ज्यूछ्वानला तर वाढणाऱ्या पोरीने नुसतं विचारलं, "आजोबा, तुमचं दोघांचं कसं जमलं?" की लागलाच: "जमलं कसलं! आन्शीत गाडी बंद पडली, तीन दिवस अडकलो, चौथ्या दिवशी ही गळ्यात!"

सगळी खानावळ हसली. माझ्याकडे बघून हसली.

हा आमचा म्हातारा, पेइ दाशान. सेहेचाळीस वर्षं हेच दळण दळतोय. डोळ्यांना दिसतंय तोवर आपला जुना ट्रकचा रस्ता एकदा बघायचा म्हणून हट्ट धरला, म्हणून आमची नात श्यावमान आम्हा दोघांना गाडीत घालून निघाली. एका अंगाला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला नुसती वाळू आणि खडे. दिवसभर चालावं तेव्हा कुठे चिनाराची हिरवी रेघ दिसते, की समजायचं, पाणी आलं, गाव आलं. आणि गाव आलं की याचं खोटंही आलं.

"आजी, तू का फुगलीस?" ज्यूछ्वान सुटल्यावर श्यावमानने विचारलं.

"मी फुगत नाही. कणीक फुगते."

"मग खरं काय झालं होतं, ते तू सांग ना."

म्हातारा मागच्या सीटवर घोरत होता. निदान तसं दाखवत तरी होता. मी म्हटलं, ऐक तर मग.

तेव्हा मी एकवीस वर्षांची. आन्शीला रस्त्याच्या कडेला ड्रायव्हरांची सरकारी खानावळ होती. आई चुलीपाशी, मी शेवया ओढायला. सरकारने आता त्या गावाचं नाव ग्वाझोउ केलंय. मी केलेलं नाही. आन्शीत वर्षाला एकच वारा सुटतो, तो वसंतात सुरू होतो आणि थंडी संपेपर्यंत थांबत नाही. त्या वाऱ्याने एका दुपारी दार आपटलं आणि एक उंच माणूस आत आला. आला, माझ्यासमोर उभा राहिला, आणि त्याने डोळा मारला. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा मारला तेव्हा मी पिठाच्या हाताने सणसणीत ठेवून दिली.

गालावर पाच पांढरी बोटं घेऊन तो तसाच उभा.

"बाई," तो म्हणाला, "डोळ्यात वाळू गेलीय."

सगळे ड्रायव्हर बाकांवरून पडायचे बाकी होते. माझे कान तापले, पण खाली बघणाऱ्यातली मी नव्हे.

"मग तोंडाने सांगता येत नाही, उस्ताद?"

"तोंड उघडतच होतो... तुमचा हात आधी पोचला."

आईने डोळे वटारले, तेव्हा मी ओल्या फडक्याचं टोक घेतलं, त्याची हनुवटी धरली आणि वाळू काढली. त्याच्या पापण्यांवर अख्ख्या रस्त्याची धूळ होती. इतक्या जवळून मी परक्या माणसाच्या पापण्या कधी बघितल्या नव्हत्या.

"कुठून आणलीत एवढी वाळू?"

"त्या डोळ्यात झांग्येची आहे. या डोळ्यात तुमच्या आन्शीची," तो हळूच म्हणाला. "आन्शीची जास्त बोचते."

मी फडकं त्याच्या हातात कोंबलं आणि आत गेले. आत काही काम नव्हतं.

त्यानंतर दर बारा-तेरा दिवसांनी त्याचा ट्रक येई. रुमालात बांधलेला झांग्येचा मूठभर तांदूळ. ज्येष्ठमधाची काडी. एकदा दुनहुआंगचे जर्दाळू, अर्धे चेपलेले, रस बाहीवरून ओघळतोय. मला म्हणायचा, "माइश्यांग, तू बस इथेच. सगळी गावं मी तुझ्याकडे घेऊन येतो." मी तोवर आन्शीच्या शेवटच्या चिनारापलीकडे गेलेच नव्हते.

"दुनहुआंगला वाळूच्या डोंगराच्या कुशीत एक तळं आहे," तो सांगायचा. "चंद्रकोरीसारखं. चारी बाजूंनी वाळू, पण एक कण पाण्यात पडत नाही."

"थापा."

"चल, दाखवतो."

"मी कुणाच्या ट्रकमध्ये बसत नाही."

"कुणाच्या ट्रकमध्ये बसू नकोस. माझ्या बस."

मी शेवयांचा झेला एवढ्या जोरात फळीवर आपटला की आई म्हणाली, "पोरी, कणकेने काय केलंय तुझं?"

आता आमच्याकडची रीत तुला ठाऊक आहेच. येणाऱ्याला शेवया, जाणाऱ्याला करंज्या. शेवया लांब, पायांना वेढा घालतात... आलास तसा थांब. करंजी चिमटून बंद केलेली, आतलं आत राहतं... गेलास तसा अख्खा परत ये. वाळवंट ओलांडणाऱ्याला निघताना शेवया वाढणं म्हणजे चाकाला दोर बांधणं. त्या काळी ड्रायव्हर ब्रेकवर विश्वास ठेवत नसत तेवढा या रितीवर ठेवत.

त्या शरदात तो रिकाम्या हातांनी आला. शेवया पुढ्यात घेऊन नुसता बसला.

"आज काही आणलं नाहीस?"

"बदली आणलीय," तो म्हणाला. "लंगहू. डोंगरापलीकडच्या तेलविहिरींवर. उद्या सकाळी आमच्या सहा गाड्या जाणार."

"परत कधी?"

"तिकडच्या गाड्या तिकडेच फिरतात, माइश्यांग."

तो आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले. मी काही बोलेन म्हणून तो थांबला. शेवटी वाडगं तेवढं गार झालं.

पहाटे आईने आणि मी मटण-गाजराच्या करंज्या भरल्या. एकेकीचं तोंड चिमटताना मला वाटत होतं, हे मी माझंच तोंड बंद करतेय. सगळ्यांची ताटं गेली. त्याचं ताट माझ्या हातात होतं. बाहेर वारा, इंजिनं गरम होताहेत... आणि मी ते ताट परत ठेवलं. कणीक घेतली, ओढली, दुमडली, परत ओढली. उकळत्या पाण्यात सोडली. व्हिनेगर घातलं, तिखट घातलं, आणि ते वाडगं सगळ्यांदेखत त्याच्यासमोर ठेवलं.



"ए पोरी!" त्यांचा म्होरक्या ओरडला. "शुद्धीवर आहेस का? जाणाऱ्याला शेवया?"

आईच्या हातून डाव पडला. पेइने वाडग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "चुकून वाढल्यास का?"

सुटायला वाट दिली होती त्याने मला. भला माणूस.

"माझ्या हातून शेवया चुकत नाहीत," मी म्हटलं.

त्याने शेवटची शेवई खाल्ली, रस्सा प्यायला, तोंड पुसलं आणि बाहेर गेला. पाच गाड्या सुरू झाल्या. सहावी झाली नाही.

म्होरक्याने बॉनेट उघडलं. इंजिनात ठिणगी वाटणारा अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो, रोटर म्हणतात. तोच नव्हता.

"पुसायला काढला होता," पेइ म्हणाला. "वाऱ्याने नेला वाटतं."

आन्शीचा वारा टोप्या नेतो, कोंबड्या नेतो, छपराचे पत्रे नेतो. म्होरक्या शिव्या घालत पुढे गेला. नवा रोटर यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत पेइने आमचं पाणी भरलं, लाकडं फोडली, आणि तिसऱ्या दिवशी आईसमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

निष्काळजीपणाची शिक्षा म्हणून त्याचा ट्रक काढून घेतला गेला. आन्शीच्या डेपोत दुसऱ्यांच्या ट्रकखाली झोपून नट पिळायचं काम मिळालं. लग्नानंतर लोकरीने भरलेल्या कुणाच्या तरी ट्रकवर बसून आम्ही दुनहुआंगला गेलो. तळं होतं. चंद्रकोरीसारखंच. एक कण पाण्यात पडत नव्हता... तेवढं मात्र तो खरं बोलला होता. पण पुन्हा त्याच्या हातात चाक आलं नाही ते नाहीच. संध्याकाळी रस्त्याकडेला उभा राहून पश्चिमेला जाणाऱ्या गाड्या बघायचा. मी खिडकीतून त्याला बघायची.

"म्हणजे आजोबा खरंच सांगतात की!" श्यावमान म्हणाली. "गाडी बंदच पडली होती."

"पुढचं तुला नाही सांगायचं. त्याला सांगायचंय."

खोट्याचा राग नाही मला. पण मी आयुष्यात एकदाच भर लोकांत माझं मन वाडग्यात घालून वाढलं, आणि हा गावोगाव सांगतो, अडकलो. एकदा, फक्त एकदा मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, की तो अडकला नव्हता, थांबला होता.

आन्शीत आमच्या खानावळीच्या जागी आता पेट्रोल पंप आहे. शेजारच्या हॉटेलात बसलो. शेवया आल्या. मालकीणबाई हसून काही विचारणार, तोच म्हाताऱ्याने घसा खाकरला, "अहो, इथेच तर माझी गाडी..."

मी कमरेची पुरचुंडी सोडली आणि व्हिनेगरच्या बाटलीशेजारी तो तुकडा ठेवला. काळा, अंगठ्याएवढा, वर पितळेची पट्टी.

म्हाताऱ्याचा घास हवेतच राहिला.

"हा... कुठे सापडला?"

"तुझ्या रुईच्या कोटात. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत, धुवायला उसवला तेव्हा. अस्तराला टाके बघितले आणि म्हटलं, हे शिंप्याचं काम नाही, बैलाचं आहे."

"सेहेचाळीस वर्षं तुझ्याकडे आहे? आणि बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलंस? कोटातून वस्तू गेली तर माणूस विचारतो."

श्यावमानने तोंडावर हात ठेवला. म्हाताऱ्याने तुकडा उचलला, बोटांनी चाचपला.

"तू रोज खिडकीतून बघायचीस मला," तो म्हणाला. "मला वाटलं, हिला कळलं की रस्ता मीच सोडला, तर ही जन्मभर त्याचं ओझं वाहील. गाडी बंद पडली म्हटलं की कुणाचाच दोष नाही..." मग मान खाली घालून हळूच म्हणाला, "वाडगं ठेवून तू वळलीस ना, तेव्हा तुझ्या लाल झालेल्या कानांना पीठ लागलं होतं. तेव्हाच ठरवलं. थांबलो, माइश्यांग. अडकलो नव्हतो."

बाहेर आन्शीचा वारा तोच, तसाच. माझ्या डोळ्यात वाळू गेली. दार बंद होतं, तरी गेली.

वाडगं त्याच्याकडे सरकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पेइ दाशान, खोटं तुला येत नाही, टाके तुला घालता येत नाहीत, आणि ड्रायव्हर म्हणून तू फुकट गेलास. पण थांबणारा माणूस या अख्ख्या रस्त्यावर तुझ्यासारखा दुसरा झाला नाही. आता खा, शेवया गार होतायत."