वास गेला का?

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भिंतीला नाक लावून उभी होते.

भिंत म्हणजे खरी भिंत नव्हे. बांधकामाच्या जागेभोवती माणसापेक्षा उंच फळ्यांचं कुंपण घालतात ना, आणि त्यावर पुढे होणाऱ्या इमारतीचं मोठं छापील चित्र चिकटवतात, ते. आम्ही त्याला होर्डिंग म्हणायचो. फळ्या उभ्या करायच्या, सांध्यांत आणि स्क्रूच्या खड्ड्यांत पुट्टी भरायची, घासून सपाट करायची, वर रंगाचे दोन हात द्यायचे, हे काम माझ्या मामाचं. मी त्याच्या हाताखाली. चित्र चिकटवायला मात्र छापखान्याची माणसं यायची.

"भिंत काही सांगतेय का कानात?" मागून आवाज आला.

"कानात नाही, नाकात," मी न वळताच म्हटलं. "म्हणतेय, अजून दोन दिवस लागतील."

"तिला म्हणावं, मला आजच चित्र लावायचंय."

"लावा की. आठवड्याने या आणि फुगे मोजत बसा."

तो हसला. मी वळून पाहिलं. उंच, सडपातळ, कानावर प्लास्टिकची पट्टी खोचलेली, सुतार पेन्सिल खोचतो तशी. या पट्टीने चित्राखालची हवा बाहेर काढायची असते. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवून टाकलं – पट्टीवाला.

रंगाचं असं असतं. वरून तो दिवसभरात वाळतो, बोटाला लागत नाही. पण आतून कितीतरी दिवस वाफ सोडत राहतो. त्यावर चित्र चिकटवलं की वाफेला वाट उरत नाही. ऊन तापलं की ती चित्राला आतून ढकलते. म्हणून जोवर फळीला वास आहे तोवर थांबायचं. नाकासारखं दुसरं मोजमाप नाही.

तो खरंच थांबला. दोन दिवसांनी सकाळी आला आणि लांबूनच ओरडला, "नाकवाल्या बाई, वास गेला का?"

"गेला. या."

त्या दिवशी मी त्याचं काम पाहिलं. पाठचा कागद सोलताना होणारा तो लांबलचक आवाज... मग मधून बाहेर, मधून बाहेर, पट्टीचे हलके फटकारे. जोर अजिबात नाही. चित्रात एक बाई गच्चीत कप घेऊन बसली होती आणि चित्राच्या दोन तुकड्यांचा जोड नेमका तिच्या डोळ्यावर आला होता.

"लांब जाऊन सांगा," तो शिडीवरून म्हणाला. "डोळा जुळला का?"

"केसभर डावीकडे."

"आता?"

"आता तिरळी झाली बिचारी."

"आणि आता?"

"आता... बघतेय."

"कोणाकडे?"

"शिडी धरा नीट, पडाल," मी म्हटलं. पण कान गरम झाले होते माझे.

त्यानंतर आमची कामं एकत्र येऊ लागली. मामाच्या फळ्या म्हटलं की छापखान्याकडून पट्टीवालाच यायचा. सकाळचं तिरकं ऊन फळीवर पडलं की मी गाल टेकवून उंचवटे शोधायची आणि तो पलीकडच्या टोकाला तसाच गाल टेकवून उभा राहायचा. मध्ये वीस फूट पांढरी भिंत. "दिसला का?" तो विचारायचा. "काय?" "उंचवटा." "एक दिसतोय, पट्टी खोचलेला." कधी अहोचं अरे झालं, कळलंही नाही.

एकदा डब्याच्या झाकणात पुट्टी कालवता कालवता तो सहज म्हणाला, "मामांना कधी विचारू?"

"काय विचारणार?"

"तुला माहीत आहे काय ते."

मी पुढे झुकले, त्याच्या कॉलरपाशी नाक नेलं आणि म्हटलं, "अजून वास येतोय. थांब."

मग तो खेळच झाला आमचा. दर आठवड्याला तो विचारी, "वास गेला का?" आणि मी म्हणे, "थांब." थांबण्यातही गंमत असते. तेवीस वर्षांची होते मी. मला वाटायचं, दिवस काय, भरपूर आहेत.

त्याच दिवसांत मी त्याला मामाची गोष्ट सांगितली. तीस वर्षं थिनरच्या वाफेत काढल्याने मामाला वास येत नव्हता. अजिबात. घरात मामीला ठाऊक आणि मला, तिसऱ्या कोणाला नाही. मामा लोकांदेखत फळीवर वाकायचा, मान डोलवायचा, आणि मग सहज विचारल्यासारखं मला विचारायचा, "काय गं, वास गेला का?" मी हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की नाही. आईबापामागे ज्याने मला वाढवलं त्या माणसाचं नाक होते मी. त्याची सगळी पत त्यावर उभी होती.

"कोणाला सांगू नकोस," मी पट्टीवाल्याला म्हटलं.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला.

मग ते मोठं काम आलं. रस्त्याच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत होर्डिंग. सोमवारी रंगाचा दुसरा हात पूर्ण झाला. पुढच्या सोमवारी चित्र लावायचं आणि बुधवारी मालक पाहायला येणार, असं ठरलेलं. पण गुरुवारी सकाळी पट्टीवाला धावतच आला.

"मालक उद्याच येतोय. आज चित्र चढायला हवं."

"शक्यच नाही. अजून डोळ्यांत पाणी येतंय त्या वासाने."

त्याने मला फळ्यांच्या आड नेलं. "ऐक. हे वेळेत झालं तर सगळ्या साइट्सचा प्रमुख करणार आहेत मला. छापखान्याच्या साहेबांनी तोंडाने सांगितलंय. प्रमुख झालो की दुसऱ्याच दिवशी मामांसमोर येऊन उभा राहतो. खेळ बास आता."

"आणि फुगे आले तर?"

"आले तर जबाबदारी माझी. माझ्यासाठी... एवढं एकदा."

"एकदा" म्हणताना त्याने माझ्या मनगटावर लागलेली पुट्टी अंगठ्याने पुसली. मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

मामा फळीपाशी उभा होता. वाकला, मान डोलवली, आणि नेहमीसारखं विचारलं, "काय गं, वास गेला का?"

घशात थिनर बसला होता माझ्या. मी म्हटलं, "गेला, मामा."

"लवकर गेला या खेपेला," तो म्हणाला.

"ऊन कडक होतं ना."

"हं. मग लावू द्या त्यांना."

त्याने एकदाही पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. कोण जाणे.

शुक्रवारी ते होर्डिंग काय दिसलं! सांधा सापडेना, स्क्रू सापडेना. मालकाने हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "काच आहे काच." पट्टीवाल्याने माझ्याकडे पाहून भुवई उडवली. मामासुद्धा खूश होता. पट्टीवाला प्रमुख झाला तो सोमवारी. मंगळवारी मी केस धुतले, धुतलेली ओढणी घेतली. तो आला नाही. नवीन काम, वेळ मिळत नसेल. बुधवारी निरोप आला – रविवारी नक्की.

शनिवारी फुगे आले.

आधी कोपऱ्यात चार. या चित्रातही एक बाई होती; दुपारपर्यंत तिच्या तोंडावर कांजिण्या आल्यासारखं झालं. संध्याकाळी सांधे सुटून लोंबायला लागले. साइटच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. जाणारे-येणारे थांबून बघत होते.

"कोणाची चूक?" साहेबांनी विचारलं.

मी पट्टीवाल्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. नवीन बूट होते.

"आम्ही चित्र नीट लावलंय," तो म्हणाला. "खालचा रंग ओला होता."

"मग लावलं कशाला?"

"आम्हाला सांगितलं, वास गेलाय."

"कोणी सांगितलं? मामांनी?"

 इथे गप्प बसता आलं असतं त्याला. पण तो म्हणाला, "मामांना वासच येत नाही, साहेब. कित्येक वर्षं. ही बघते ते सगळं. हिने हो म्हटलं."

एक शब्दही खोटा नव्हता.

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. साहेब मामाकडे बघत म्हणाले, "वास येत नाही? आणि तुम्ही वाकून वाकून काय बघत होता इतकी वर्षं?"

मामाने टोपी काढली, झटकली, परत घातली. "पोरीला बोलू नका," तो म्हणाला. "काम माझं, चूक माझी. फळ्या पुन्हा करून देतो."

घरी जाताना अर्ध्या रस्त्यात त्याने एवढंच विचारलं, "येत होता वास?"

"येत होता."

"बरं," मामा म्हणाला. मामीने ताटं वाढली. आम्ही तिघं जेवलो. 

मामाने ते सबंध होर्डिंग सोलून, घासून, पुन्हा रंगवलं. मी सोबत होते. घासायला, पुट्टीला, सगळ्याला. पण वास घ्यायची वेळ आली की तो एकटाच पुढे व्हायचा. वाकायचा. त्या मेलेल्या नाकाने एकेक फळी हुंगत जायचा. आता तर सगळ्यांना माहीत होतं, पोरं मागे नकला करायची. तरी तो मला विचारत नव्हता. मग बोटांवर दिवस मोजायचा, दोन दिवस जास्तीचे धरायचा, आणि म्हणायचा, "झालं असावं." असावं! माझ्या मामाच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

तीन महिने असे गेले. कामं कमी झाली. आणि एका सकाळी, एका लहानशा साइटवर, पट्टीवाला आला. कानावर पट्टी नव्हती. इस्त्रीचा शर्ट होता.

"तू निरोपाला उत्तर देत नाहीस," तो म्हणाला.

"हात पुट्टीत असतात."

"मी खोटं काय बोललो, सांग ना."

"काहीच नाही."

"मग? माझी नोकरी गेली असती. नोकरी गेल्यावर मामांसमोर कोणत्या तोंडाने आलो असतो? आपल्यासाठीच..."

"जबाबदारी तुझी होती," मी म्हटलं. "तू म्हणाला होतास."

तो फळीच्या पांढऱ्या रंगावर नखाने रेघ ओढायला लागला. मी त्याचा हात बाजूला केला. नवा रंग होता, खूण राहिली असती. किती दिवसांनी मी त्या हाताला हात लावला... आणि तो इतका ओळखीचा होता, की मला स्वतःचाच राग आला.

"ऐक," तो हळूच म्हणाला, तसाच, पूर्वीसारखा. "वास गेला का?"

मी पुढे झुकले. त्याच्या कॉलरपाशी नाक नेलं. तो डोळे मिटून उभा राहिला. साबण, इस्त्रीची ऊब, आणि त्याखाली तो होता, अजूनही होता.

"गेला," मी म्हटलं. "सगळा गेला."

माझ्या आयुष्यातलं हे दुसरं खोटं. पहिलं खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने काम केलं. या वेळी विश्वास ठेवला. मान हलवली, दोन पावलं उलटा चालला, आणि गेला.

मी फळ्यांच्या मागे जाऊन बसले. तोंडात ओढणी कोंबून रडले, भरपूर. उठले तेव्हा मामा समोर उभा होता. त्याने काय पाहिलं, काय ऐकलं, मला माहीत नाही. तो फळीकडे वळला, वाकला. मग सरळ झाला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"काय गं, वास गेला का?"

मी फळीला नाक लावलं. श्वास ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. रडून रडून नाक गच्च झालं होतं. रंग नाही, थिनर नाही, काही म्हणजे काही नाही.

"मला आत्ता नाही कळणार, मामा," मी म्हटलं. "नाक बंद आहे. उद्या सांगते."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग चित्राची गुंडाळी घेऊन ताटकळलेल्या छापखान्याच्या माणसांना ओरडून म्हणाला, "जा रे घरी! आज काही लागणार नाही. पोरगी उद्या सांगेल."